खावटीचे राज्य

कर्जत-खालापूरकडे आषाढात शेतात भाताची आवणी चाललेली असते आणि घरातली कणगी तळाला गेलेली असते. निदान पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर, आणि बऱ्याच कुणबी घरांतही, असेच होते. दिवाळीच्या आसपास झोडलेले भात होळीपर्यंत पुरले तर नशीब. मग मोहाची फुले, करवंदे, ओढ्यातले मासे-खेकडे. पाऊस लागला की रानातले कडूकंद. हे कंद कापून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, राख घालून उकडायचे, तेव्हा कुठे त्यांचा कडवटपणा जाऊन ते पोटात घालण्याजोगे होतात. वर्षातले सगळ्यात जड काम नेमके त्याच आठवड्यांत. चिखलात दिवसभर वाकायला अंगात बळ हवे, बळ यायला भात हवा, आणि भात गावात एकाच घरी असे.

त्या घरून आणलेल्या धान्याला खावटी म्हणत.

खावटी सवाईने मिळे नाहीतर दिढीने. दिढीने म्हणजे आषाढात एक मण नेला की मार्गशीर्षात खळ्यावर दीड मण मोजायचा. पाच महिन्यांत पन्नास टक्के. वर्षाचा दर वाचकाने स्वतः काढावा. दीड मण फेडला की कणगी दरवर्षीपेक्षा लवकर रिकामी होई आणि पुढच्या आषाढात खावटी थोडी जास्त लागे. दोन-तीन पावसाळ्यांत जमीन कागदावर सरके. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचे हातपाय सरकत. कर्ज फिटेपर्यंत त्या सावकाराच्या, म्हणजे शेठच्या, शेतावर राबायचे. ते फिटले की नाही हे शेठची वही सांगे, आणि वही वाचता येणारा माणूस वाडीवर नसे.

जुलमी सत्ता कशी उभी राहते आणि कशी टिकते, हे शिकायला लोक बर्लिन-मॉस्कोचा इतिहास वाचतात. वाचावाच. पण कर्जतजवळच्या नेरळला उतरूनही त्यातले बरेचसे समजते.

सावकाराला हुकूमशहा म्हणणे जरा अघळपघळ होईल, हे खरे. त्याच्याकडे सैन्य नव्हते, वर्तमानपत्र नव्हते, विचारसरणी तर नव्हतीच. पण त्याच्या राज्याची घडण पाहण्याजोगी आहे. पहिली गोष्ट म्हणजे तो चालून येत नसे, लोक त्याच्याकडे जात. नड असली की त्याचेच दार उघडे असे. मूल आजारी पडले, लग्न निघाले, कोणी फौजदारीत अडकले, की शेठ. म्हणून त्याच्याविषयी रोजच्या बोलण्यात द्वेष नसे, ‘आमचा शेठ’ असा एक ओशाळा आपलेपणा असे. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली जोडपी आयुष्यभर वेठीला लागत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. लग्न लावून देणाऱ्याशी भांडायचे तरी कसे?

दुसरी गोष्ट कागद. घाटावर १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांचा उठाव झाला, तेव्हा जमावाने सावकारांच्या जिवापेक्षा त्यांची खतपत्रे जास्त शोधली. कागद मिळाले की जाळायचे आणि घरी जायचे. आपल्याला कशाने बांधले आहे हे त्या लोकांना अचूक ठाऊक होते. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा देणारा कायदाही केला. पण कागद वाचणारे, लिहिणारे आणि कोर्टात मांडणारे हात तेच राहिले. सह्याद्रीच्या या बाजूला तर कायद्याची बातमी पोचायलाच वेळ लागे.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येकाशी वेगळा व्यवहार. ठाकराचा हिशेब वेगळा, कातकऱ्याचा वेगळा, कुणब्याचा आणखी वेगळा. कोणाला सवाई, कोणाला दिढी. आपल्याला शेजाऱ्यापेक्षा बरे मिळते असे ज्याला वाटते तो शेजाऱ्याबरोबर उभा राहत नाही.

हीच घडण देशाच्या मापाने पाहायची तर १९३२ ची जर्मनी पाहावी. साठ लाखांच्या आसपास लोक बेकार होते. दहा वर्षांपूर्वीच्या चलनफुगवट्यात मध्यमवर्गाची शिल्लक आधीच पाण्यात गेलेली. देशाचा आषाढ चालला होता म्हणा. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला तो रीतसर नेमणुकीने. महिन्याभरात संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, नागरिकांचे हक्क वटहुकुमाने स्थगित झाले. २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा आपला अधिकार त्याच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. हा अंगठा साक्षर लोकांनी उठवला होता. पुढे इतिहासकारांनी गेस्टापोची दप्तरे तपासली तेव्हा एक गोष्ट पुढे आली. या पोलिसांना सगळीकडे नजर ठेवण्याइतकी माणसे कधीच नव्हती. कित्येक प्रकरणांची सुरुवात शेजाऱ्याने, भाडेकरूने, कधी घरच्याच माणसाने आपणहून केलेल्या चुगलीने झाली होती.

मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण गोव्यात मिळते. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हा मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. पोर्तुगालची तिजोरी रिकामी असताना १९२८ मध्ये तो अर्थमंत्री म्हणून आला, हिशेब जुळवून दाखवले आणि १९३२ मध्ये पंतप्रधान झाला. छत्तीस वर्षे उठला नाही. त्याच्या राज्यात पणजी-मडगावात लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची मंजुरी लागे. गोव्याच्या मुक्तीसाठी लढताना १९५५ मध्ये पकडलेले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यानंतरही पोर्तुगालच्या तुरुंगात होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये, सालाझार आजारपणाने खुर्चीवरून उतरल्यावर.

पण पुन्हा कर्जतकडे वळू, कारण या राज्याच्या वर्मावर बोट ठेवणारा एक माणूस इथे होऊन गेला.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. माथेरान म्हणजे मुंबईच्या साहेबांचे आणि शेठजींचे हवापालटाचे गाव. गावात राहणारे बहुतेक लोक कोणाची ना कोणाची सेवा करून जगणारे: हमाल, घोडेवाले, रिक्षा ओढणारे, केस कापणारे. डोंगर उतरले की खाली ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. कोतवाल शिकले, वकील झाले. वकिलीचा धंदा मांडून बसले असते तर सावकारांचे खटले चालवून त्यांचे बरे चालले असते. ते राष्ट्रीय चळवळीत पडले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि तालुक्यातल्या शेतकरी-आदिवासींत काम करू लागले.

त्यांच्या नावाशी आज बंदूक आणि जंगल जोडले गेले आहे. त्यांच्यावरच्या चित्रपटातही तेच दिसते. त्याआधीची दोन कामे मात्र मागे पडतात. त्यांनी वाड्यावस्त्यांवर शाळा काढल्या आणि धान्य कोठ्या काढल्या. कोठीचा व्यवहार सोपा होता. सुगीला सगळ्यांनी थोडे थोडे भात एकत्र साठवायचे, पावसाळ्यात ज्याला नड असेल त्याने न्यायचे आणि नवे पीक आले की परत भरायचे. सावकाराशी न भांडता, त्याच्या दारात न जाता आषाढ काढायचा. शाळेमुळे वही वाचता येईल, कोठीमुळे वही लागणारच नाही. वाचताना ही कामे गांधीवादी, मवाळ, निरुपद्रवी वाटतात. पण सावकाराचे राज्य मुख्यतः नड आणि वही या दोन खांबांवर उभे होते आणि या माणसाने दोन्हींना हात घातला होता. तालुक्यातल्या धनिकांना हे न कळण्याजोगे नव्हते.

त्याच काळात, त्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीला दुसरा प्रयोग चालला होता. तिकडे खोतांचे राज्य. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन कसायचे थांबवले, आणि हा संप जवळजवळ सहा वर्षे चालला. लोकांनी रानातली लाकडे विकून आणि खाडीतली मासळी धरून दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पण ती मोडते हे चरीच्या कुळांनी आधीच दाखवून ठेवले होते, तेही पोटाला चिमटा घेऊन. खोताचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता: नाक दाबले की तोंड उघडते. सहा वर्षे नाक दाबूनही ते उघडले नाही.

१९४२ चा ऑगस्ट आला आणि कोतवालांचा मार्ग बदलला. ते भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. दस्त्याने निवडलेले लक्ष्य पाहण्यासारखे आहे. खोपोलीचे वीजघर १९१५ पासून चालू होते, भिवपुरीचे १९२२ पासून. घाटावर अडवलेले पाणी नळांतून खाली कोसळे, वीज तयार होई आणि उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून मुंबईच्या गिरण्यांना जाई. तारा गेल्या त्या वाड्यांच्या डोक्यावरून. खाली मिणमिणती चिमणी, तीही रॉकेल असेल तर. दस्त्यातल्या तरुणांनी करवती घेऊन या मनोऱ्यांचे पाय कापायला सुरुवात केली. पोलादी पाय हातकरवतीने कापायला रात्र जाते, आणि आवाज रानभर होतो. तरीही सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान एकामागून एक मनोरे आडवे झाले. मुंबईतले कारखाने अडू लागले तसे सरकारने या भागात पोलीस ओतले आणि कोतवालांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले.

सरकारजवळ त्या वेळी आणखी एक हत्यार होते. ऑगस्ट १९४२ मध्येच सामूहिक दंडाचा वटहुकूम निघाला होता. कोणी केले ते सापडत नसेल तर सगळ्या गावाकडून वसूल करा, असा त्याचा मथितार्थ. वटहुकूम काढणाऱ्याला गाव कळत होते असेच म्हणावे लागेल. ज्याच्या घरात दाणा नाही त्याच्यावर दंड बसवला की त्याचा राग इंग्रजावर जात नाही, डोंगरात लपलेल्या पोरांवर जातो. बाकीचे काम इनामाची रक्कम करते.

कोतवालांचा ठावठिकाणा फितुरीने लागला, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. २ जानेवारी १९४३ ची पहाट. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात दस्ता मुक्कामाला होता, थंडी मी म्हणत होती. पोलिसांनी घेरून गोळीबार केला. त्यात कोतवाल गेले आणि त्यांच्याबरोबर मानिवलीचे हिराजी पाटीलही गेले. कोतवालांना तीस पुरे होऊन महिनाच झाला होता.

याच वर्षी दिल्लीच्या फेडरल कोर्टात मुंबईचा एक खटला चालला. केशव तळपदे या स्थानबद्धाने भारत संरक्षण नियमांतल्या २६ व्या नियमाला आव्हान दिले होते. त्या नियमाखाली हजारो माणसे चौकशीविना आत होती. एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने हा नियम कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरवला. सरकारने काय करावे? आठवडाभरात वटहुकूम काढून मूळ कायदाच मागच्या तारखेपासून दुरुस्त केला. इंग्रजी राज्य जुलमी होते, पण सर्वंकष हुकूमशाही नव्हते, ते इथे दिसते. कोर्टाला अजून तोंड होते. त्या तोंडाचा उपयोग किती, हेही इथेच दिसते.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषिदिन’ ठरला आणि त्या दिवसापासून कसणारा मालक समजला जाऊ लागला. कर्जत-खालापुरात ज्यांची नावे कागदावर कूळ म्हणून होती त्यांना जमिनी मिळाल्या. कातकऱ्यांची नावे बहुतेक कागदावर नव्हतीच, त्यामुळे मालक होण्याचा प्रश्न आला नाही. खावटी चालूच राहिली.

आणि मग एका आषाढाच्या तोंडावर आणीबाणी आली. २५ जून १९७५.

आणीबाणीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, ते बहुतेक तुरुंगात गेलेल्यांनी. सुमारे ३५ हजार माणसे देशभर ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत गेली. डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत व्यासपीठावरून बोलल्या, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष म्हणून हजर असताना. पुढे त्यांनाही अटक झाली. ‘साधना’सारखी साप्ताहिके सरकारशी झगडत राहिली. हा इतिहास खरा आहे. पण वाडीवरून पाहिले तर १९७५ चे वर्ष वेगळे दिसते, आणि ते न पाहता हुकूमशाही समजत नाही.

१ जुलैला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला. २२ ऑगस्टपासून महाराष्ट्रात लहान शेतकरी, कारागीर आणि मजुरांची सावकारी कर्जे माफ झाली, आणि गहाण पडलेल्या वस्तू परत करा असे सावकारांना बजावले गेले. ऑक्टोबरात वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम दिल्लीहून निघाला. त्याचाच १९७६ मध्ये कायदा झाला. १ नोव्हेंबरपासून, आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांना परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा अमलात आला. हा कायदा विधिमंडळाने आणीबाणीच्या आधीच तयार केला होता, पण ज्याला जमीन मिळते तो तारखा तपासत नाही. सावकारांनी कर्जमुक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. जानेवारी १९७७ मध्ये तिथे ते हरले. सुप्याच्या लोकांना जे आगीने साधले नव्हते ते सरकारी राजपत्राने चार महिन्यांत केले होते. ज्याच्या बापाने आणि आज्याने खावटीपायी हाडे झिजवली, त्याला दिल्लीत वर्तमानपत्रे सेन्सॉर होतात याचे काय वाटावे? वाचायला येत होते कोणाला?

हे उपकार खोटे असते तर आणीबाणीला विरोध करणे सोपे गेले असते. ते खरे होते, म्हणून तिचे समर्थक आजही भेटतात. सत्ता दोन हातांनी काम करत होती. एका हाताने वही फाडली जात होती आणि दुसऱ्या हाताने तोंड बंद केले जात होते. शिवाय आता दाता एकच उरला होता. सावकाराला पर्याय म्हणून निदान दुसऱ्या गावचा सावकार असे. सरकारला पर्याय नसतो. दिले काय आणि काढून घेतले काय, विचारायची सोय नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टाकडे दाद मागता येणार नाही. चारांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. वेगळे मत एकट्या न्यायमूर्ती खन्नांचे. १९४३ च्या परक्या कोर्टाने निदान नियम बेकायदा ठरवला होता.

त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही. पण देशभर त्या एका वर्षात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ज्या यंत्रणेने कर्ज माफ केले तीच उद्दिष्टाची वही घेऊन दारात आली, तेव्हा ती वही कोणाच्या हातात आहे हे लोकांना कळले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा मिळाल्या. कुलाबा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून आले. चरीच्या संपाच्या नारायण नागू पाटलांचाच वारसा सांगणारा हा पक्ष.

कर्जमाफीने एक प्रश्न मात्र सोडवला नव्हता. कायद्याच्या धाकाने शेठने दार लावून घेतले, पण आषाढ तर दरवर्षी येतच होता. पोट कायद्याने भरत नाही. पुढे सरकारने आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना सुरू केली, नावासकट. योजना कागदावर बरी होती, फक्त तिचे धान्य आषाढात मिळायला अर्ज आधी भरावा लागे आणि अर्ज भरायला पुन्हा लिहिता येणारा माणूस गाठावा लागे. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणे हा हक्क आहे असे तो म्हणत होता, मेहेरबानी नव्हे. सावकारालाही आणि आणीबाणीलाही हा फरक मान्य झाला नसता.

आणि १९८० च्या दशकात कर्जत तालुक्यातच, भीमाशंकरच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे इथे काम करणाऱ्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने आदिवासी वाड्यांवर धान्य बँका सुरू केल्या. सुगीला भरायचे, पावसाळ्यात न्यायचे, परत करताना थोडी भर घालायची. आणि ती भर शेठच्या कोठारात न जाता वाडीच्याच कणगीत राही. त्याच्या चाळीसेक वर्षे आधी भाई कोतवालांनी काढलेल्या कोठीची ही पुढची आवृत्ती. सिद्धगडच्या गोळीबाराने मधला काळ रिकामा गेला एवढेच.

दर २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी लोक जमतात, भाषणे होतात, कोतवाल आणि हिराजी पाटलांना मानवंदना दिली जाते. तेव्हा वाड्यांवरच्या पुष्कळ घरांना कडी असते. दिवाळी सरली की मुकादम उचल वाटून जातात आणि कातकरी कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, खाडे धरले जातात, आणि उचल फिटली की नाही त्याचा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. वेठबिगारीविरुद्धचा १९७६ चा कायदा लागू आहे. वही भट्टीवाल्याकडे असते.